आधी नमुना, मग गोळी

प्रोस्टेट म्हटलं की साठीपुढचे गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. रात्रीतून चारदा उठणारे, एसटीत बसण्याआधी बाथरूम कुठे आहे ते विचारून घेणारे. तिशीतल्या माणसाला आपल्या शरीरात ही ग्रंथी आहे याचाच पत्ता नसतो. तो लागतो तेव्हा फार उशिरा आणि फार वाईट पद्धतीने लागतो. अमेरिकेत या गोष्टीची नीट मोजदाद झाली आहे. तिथे पन्नाशीच्या आतला पुरुष युरॉलॉजिस्टकडे जातो, तेव्हा केसपेपरवर सगळ्यात जास्त वेळा लिहिलं जाणारं निदान प्रोस्टेटायटिस, म्हणजे प्रोस्टेटची सूज, हेच असतं. १९९०च्या दशकात या एका कारणासाठी तिथल्या दवाखान्यांत वर्षाला सुमारे वीस लाख भेटी होत होत्या.

तक्रारी ऐकायला किरकोळ वाटतात. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत ठणक, ओटीपोटात ओढ, लघवीला जळजळ, जाऊन आल्यावर दहा मिनिटांत पुन्हा जावंसं वाटणं, वीर्यस्खलनानंतर तासभर दुखणं. यातलं काहीच जिवावर बेतणारं नाही. पण हे महिनोन् महिने चाललं की माणूस खचतो. १९९६ साली अशा रुग्णांच्या रोजच्या जगण्याची पाहणी झाली. तेव्हा त्यांची अवस्था नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांच्या जवळपास निघाली. घरी मात्र कुणाला काही दिसत नाही. बाबा ऑफिसला जातात, बाबा जेवतात, बाबा हल्ली चिडचिड करतात, एवढंच.

आपल्याकडे यापुढचा प्रवास बहुतेकांचा सारखाच होतो. फॅमिली डॉक्टर लघवीचं इन्फेक्शन म्हणून पाच दिवसांची गोळी देतात. बरं वाटतं. महिना-दीड महिन्याने ठणक परत येते. आता सात दिवसांची, थोडी जड गोळी. पुन्हा बरं वाटतं, पुन्हा परत येतं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांकडे जायचा कंटाळा येतो (आणि तेच ते सांगायची लाजही वाटते), म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून तीच पट्टी आणली जाते. या सगळ्या काळात लघवी कल्चरला गेलेलीच नसते. गेली असली तर गोळी चालू असताना गेलेली असते आणि रिपोर्टवर ‘वाढ आढळली नाही’ असं येतं. मग कुणी म्हणतं जंतू फार चिवट आहे, कुणी म्हणतं सगळं मनाचं आहे. दोन्ही विधानांना आधार काहीच नसतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या दुखण्यात सर्वांत जास्त वर्षं वाया जातात ती जंतू खरोखर आहे का, हे न तपासता त्याच्यावर औषधं मारत राहिल्यामुळे. जंतू असेल तर ती औषधं चुकीची किंवा अपुरी असतात. नसेल तर ती निरर्थक असतात.

ही ग्रंथी आहे तरी कशी ते आधी पाहू. तरुण पुरुषात ती साधारण वीस ग्रॅम वजनाची, मोठ्या आवळ्याएवढी असते. मूत्राशयाच्या अगदी खाली तिची जागा, आणि मूत्रमार्ग तिच्या पोटातून आरपार जातो. म्हणून तिला सूज आली की लघवीची धार बिघडते. तिची मागची बाजू गुदाशयाला टेकलेली असते, त्यामुळे डॉक्टर बोटाने ती तपासू शकतात. वीर्यातल्या द्रवाचा एक भाग ती पुरवते. हा द्रव बाहेर नेणाऱ्या नळ्या लहान आणि वाकड्यातिकड्या असतात. बाहेरच्या भागातल्या नळ्या मूत्रमार्गात जवळजवळ आडव्या उघडतात. लघवी दाबाने करताना तिचा थोडा अंश उलटा आत शिरू शकतो आणि लघवीत जंतू असतील तर तेही सोबत जातात. वयानुसार या नळ्यांत बारीक खडे धरतात. खड्यांच्या अंगाला चिकटून जंतू स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थराखाली औषधाची मात्रा पोचतच नाही.

औषधाची दुसरी अडचण याहून मोठी आहे. रक्तातून प्रोस्टेटच्या द्रवात जायचं तर औषधाला पेशींच्या स्निग्ध पडद्यातून पार व्हावं लागतं. लघवीच्या साध्या संसर्गात उत्तम काम करणारी बरीच औषधं इथे अडतात. नायट्रोफ्युरँटॉइन हे त्याचं ठळक उदाहरण. मूत्राशयातल्या जंतूंसाठी ते छान, पण प्रोस्टेटमध्ये ते पुरेसं पोचत नाही. पेनिसिलीनच्या कुळातली बहुतेक औषधंही जुनाट सूज असलेल्या ग्रंथीत नीट शिरत नाहीत. मूत्राशय स्वच्छ होतं, जळजळ थांबते, आणि ग्रंथीत लपलेला जंतू दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा खाली उतरतो. ‘गोळी लागू पडली होती, पण पुन्हा झालं’ या तक्रारीचा खुलासा पुष्कळदा इतकाच असतो.

मग जंतू नेमका मूत्राशयातला, मूत्रमार्गातला की प्रोस्टेटमधला, हे ओळखायचं कसं? १९६८ साली एडविन मीअर्स आणि थॉमस स्टेमी या दोन अमेरिकन डॉक्टरांनी त्याची पद्धत बसवून दिली. लघवीची पहिली थोडी धार एका बाटलीत, मधली दुसऱ्या बाटलीत. मग डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट दाबतात आणि जो थेंब-दोन थेंब द्रव मूत्रमार्गातून येतो तो तिसरा नमुना. त्यानंतर लगेच केलेल्या लघवीची पहिली धार हा चौथा. पहिल्या दोहोंत जंतू नाममात्र आणि शेवटच्या दोहोंत भरपूर, म्हणजे मुक्काम प्रोस्टेटमध्ये. यात कुठलंही महाग यंत्र लागत नाही. तरीही ही चाचणी व्यवहारात फारशी होत नाही, कारण ती वेळखाऊ आहे आणि डॉक्टर-रुग्ण दोघांनाही अवघडवणारी आहे. कॅनडाच्या कर्टिस निकेल यांनी पुढे ती दोन बाटल्यांवर आणली, दाबण्याआधीची लघवी आणि दाबल्यानंतरची. निष्कर्ष बहुतेक वेळा तेच निघतात, आणि एवढं तर कुठल्याही जिल्ह्याच्या गावी होऊ शकतं.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. नमुना प्रतिजैविक सुरू होण्याआधी जायला हवा. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारून ते थांबवून काही दिवसांनी. नुसत्या वीर्याचं कल्चर करून त्यावर महिनाभर उपचार करण्याची पद्धत आपल्याकडे फोफावली आहे. ती मला पटत नाही. वीर्य मूत्रमार्गातून आणि त्वचेजवळून येतं. वाटेत तिथले नेहमीचे निरुपद्रवी जंतू त्यात मिसळतात. रिपोर्टवर स्टॅफिलोकॉकस असं लांबलचक नाव आलं की रुग्ण घाबरतो, पण ते नाव कित्येकदा गुन्हेगाराचं नसतं, रस्त्यावरून जाणाऱ्याचं असतं.

आता या विषयातला मोठा धक्का. १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांना एकत्र बसवून प्रोस्टेटायटिसचे चार गट पाडले. पहिला तीव्र जंतुसंसर्ग, दुसरा जुनाट जंतुसंसर्ग, चौथा काहीही त्रास नसताना योगायोगाने आढळणारी सूज. तिसऱ्या गटात दुखणं तर तीन महिन्यांहून जास्त आहे, पण जंतू सापडत नाही. त्याला जुनाट ओटीपोट वेदना असं काहीसं मोघम नाव दिलं गेलं. हा मोघम गटच सर्वांत मोठा निघाला. जुनाट प्रोस्टेटायटिस म्हणून येणाऱ्या दहांतले नऊ पुरुष याच गटात बसतात. खरा, सिद्ध झालेला जुनाट जंतुसंसर्ग शंभरांत पाच ते दहा जणांनाच असतो.

यावर शंका घेणं स्वाभाविक आहे. जंतू असेल, पण चाचणीला सापडत नसेल! निकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही शंका तपासली गेली. दुखणं असलेले ४६३ पुरुष आणि त्याच वयोगटातले काहीही त्रास नसलेले १२१ पुरुष, दोघांच्याही प्रोस्टेटच्या द्रवाचे नमुने घेतले. रोगकारक जंतू दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात सापडले, शंभरात सुमारे आठ जणांत. म्हणजे जंतू सापडला तरी दुखण्याचं कारण तोच, असं म्हणता येत नाही. पाठोपाठ २००४ मध्ये १९६ पुरुषांवर सहा आठवड्यांची चाचणी झाली. काहींना सिप्रोफ्लॉक्सासिन, काहींना लघवीची वाट सैल करणारं टॅमसुलोसिन, काहींना दोन्ही आणि काहींना नुसती खोटी गोळी. चारही गटांना थोडं थोडं बरं वाटलं, पण खऱ्या औषधाने खोट्या गोळीवर म्हणावी अशी मात केली नाही.

मग त्या पाच दिवसांच्या गोळीने बरं का वाटतं? एक तर हे दुखणं मुळातच चढउताराचं आहे. माणूस डॉक्टरकडे जातो ते चढाच्या टोकाला असताना, त्यामुळे पुढचा उतार गोळीच्या खात्यावर जमा होतो. शिवाय काही प्रतिजैविकांमध्ये सूज थोडी उतरवण्याचा गुण असतो, जंतू असो वा नसो.

खरा जंतुसंसर्ग आणि हे दुसरं दुखणं यांत फरक ओळखायची एक चांगली खूण आहे. जुनाट जंतुसंसर्गात लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो आणि दर वेळी कल्चरमध्ये बहुधा तोच जंतू येतो, बहुतेकदा ई. कोलाय. क्वचित क्लेबसिएला, एंटरोकॉकस, स्यूडोमोनास यांचं नाव दिसतं. दोन हल्ल्यांच्या मधल्या काळात माणूस पुष्कळदा ठणठणीत असतो. उलट ठणक रोजची, बसलं की वाढणारी आणि लघवी दर वेळी स्वच्छ, असं असेल तर जंतूचा नाद सोडून दुसरीकडे पाहायला हवं. म्हणूनच जुने रिपोर्ट फाईलला लावून ठेवण्याला मोल आहे. तीन वर्षांतले चार कल्चर रिपोर्ट एकापुढे एक ठेवले की चांगल्या युरॉलॉजिस्टला निम्मं निदान तिथेच दिसतं.

संसर्ग सिद्ध झाला तर उपचार लांबचा आहे. पाच-सात दिवसांनी काही साधत नाही, चार ते सहा आठवडे लागतात. प्रोस्टेटमध्ये नीट शिरणारी औषधं मोजकी आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिनचं कुळ, ट्रायमेथोप्रिम, काही जंतूंसाठी डॉक्सिसायक्लिन आणि अलीकडे पुन्हा वापरात आलेलं जुनं फॉस्फोमायसिन. कुठलं घ्यायचं ते सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे जंतूवर कोणतं औषध चालतं हे सांगणारा अहवाल, ठरवतो. भारतात इथेच घोडं अडतं. आयसीएमआरच्या देखरेखीखालच्या मोठ्या रुग्णालयांत ई. कोलायच्या निम्म्याहून कितीतरी जास्त नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सासिन आता चालत नाही. आपण सगळ्यांनी मिळून हे औषध जुलाबापासून सर्दीपर्यंत इतकं उधळलं, की जिथे त्याला पर्याय कमी आहेत तिथेच ते बोथट झालं. हे कुळ निरुपद्रवीही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्याच्या वेष्टनावर स्नायूबंध, विशेषतः टाचेमागचा, तुटण्याचा धोका ठळक चौकटीत छापायला लावला. औषध चालू असताना टाचेमागे दुखू लागलं तर चालण्याचा व्यायाम थांबवून डॉक्टरांना फोन करावा. चिठ्ठीशिवाय ते दोन-दोन महिने घेणं हा तर सरळ धोका आहे.

आपल्या देशात आणखी एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे क्षय. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे आणि क्षय म्हणजे फक्त छाती, हा समज अजून गेलेला नाही. फुप्फुसातून रक्तावाटे जंतू मूत्रपिंडात जातात आणि तिथून खाली प्रोस्टेट आणि वृषणाच्या मागच्या एपिडिडिमिस नावाच्या नळीपर्यंत पोचतात. त्याची खूण चमत्कारिक असते. लघवीत पू-पेशी भरपूर, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. क्षयाचा जंतू त्या माध्यमावर वाढतच नाही, त्याची तपासणी वेगळी. पहाटेच्या लघवीचे लागोपाठ काही दिवसांचे नमुने आणि जनुकीय चाचणी. वृषणामागे दुखरी किंवा न दुखणारी टणक गाठ, वीर्यवाहिनी मण्यांच्या माळेसारखी गाठीगाठींची लागणं, वृषणाच्या त्वचेला पडलेलं आणि न भरणारं छिद्र, ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नये. यात एक सापळा आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनचं कुळ क्षयाच्या जंतूवरही थोडंफार चालतं. त्यामुळे अंदाजाने दिलेल्या कोर्सने क्षय तात्पुरता दबतो, निदान लांबतं आणि तेवढ्यात वीर्यवाहिन्या बंद होऊन मूल होण्याची वाटही बंद होऊ शकते. क्षयाचं औषध सरकारी केंद्रांत फुकट मिळतं आणि ते महिनोन् महिने नेमाने घ्यावं लागतं. पण त्याने जंतू जातो.

औषधं थकली तर पुढे काय, या प्रश्नाने काही रुग्ण थेट जॉर्जियापर्यंत गेले आहेत. तिबिलिसी शहरात १९२३ साली सुरू झालेली एलियाव्हा संस्था जंतूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफेज, वापरून उपचार करते. या विषाणूंचा पहिला सुगावा लागला तो आपल्याच नद्यांत. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. कारण त्यांना उमगलं नव्हतं. १९१७ मध्ये फेलिक्स द’एरेल यांनी ते विषाणूंच्या रूपात मांडलं. त्यांचा मित्र गिओर्गी एलियाव्हाने तिबिलिसीत संस्था उभारली आणि १९३७ साली स्तालिनच्या राजवटीने त्याला गोळ्या घातल्या. संस्था मात्र टिकली. भारतातला एक तिशीतला माणूस कित्येक प्रतिजैविकांचे कोर्स संपवून तिथे गेला आणि त्याचा जुनाट प्रोस्टेटचा संसर्ग आटोक्यात आला. २०२१ साली हा वृत्तान्त एका वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. तो वाचून आशा वाटते, पण तो एका माणसाचा अनुभव आहे. याच संस्थेच्या फेजची काटेकोर चाचणी ९७ पुरुषांच्या मूत्राशयाच्या संसर्गावर झाली, तेव्हा खोट्या औषधापेक्षा ते सरस ठरलं नाही. भारतात हा सर्रास मान्यता मिळालेला उपचार नाही. घर गहाण टाकून विमानाचं तिकीट काढण्याआधी निदान आपला जंतू खरोखर प्रोस्टेटमध्येच आहे ना, एवढं सिद्ध करून घ्यावं.

आता दहांतल्या त्या उरलेल्या, जंतू न सापडणाऱ्या नऊ जणांकडे वळू. त्यांच्या दुखण्याचं मूळ अनेकदा ग्रंथीत नसतं, तिच्याखाली पसरलेल्या स्नायूंच्या जाळीत असतं. ही जाळी मूत्राशय आणि गुदाशय तोलून धरते. एकदा खरा संसर्ग झाला, किंवा दिवसाला दहा तास खुर्चीत गेले, किंवा मनावर ताण साचला, की काही जणांत हे स्नायू आकसून राहतात. पुढे मज्जारज्जू आणि मेंदू त्या भागातल्या साध्या संवेदनाही वेदना म्हणून वाचू लागतात. जंतू कधीच निघून गेलेला असतो, मज्जासंस्थेची सवय मागे उरते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वाईज स्वतः हे दुखणं भोगत होते. स्टॅनफर्डच्या रॉडनी अँडरसन यांच्यासोबत त्यांनी स्नायू सैल करण्याची पद्धत बसवली आणि २००३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. २००९ मध्ये छोट्या चाचणीत ओटीपोटाच्या स्नायूंवर नेमका दाब देणारी फिजिओथेरपी आणि साधा मसाज यांची तुलना झाली. पहिल्या गटात शंभरी ५७ जणांना फरक पडला, दुसऱ्यात २१ जणांना. चीनमध्ये ४४० पुरुषांवर अॅक्युपंक्चरची चाचणी होऊन २०२१ साली तिचा निकाल आला. वीस बैठकांनंतर खऱ्या सुया लागलेल्या शंभरी साठ पुरुषांना आराम पडला, खोट्या सुयांच्या गटात तो सदतीस जणांना. ही तपशिलात शिरून केलेली चाचणी आहे, म्हणून तिची दखल घ्यावी लागते. एरवी सुयांविषयी मी जरा साशंकच असतो.

एक सावधगिरी. इंटरनेटवर पाहून बरेच जण केगेल व्यायाम सुरू करतात. ते सैल पडलेले स्नायू आवळण्यासाठी आहेत. आधीच आकसलेले स्नायू आणखी आवळले तर दुखणं वाढतं. इथे हवा तो उलटा व्यायाम, पोटातून खोल श्वास घेत तळ सैल सोडण्याचा. तो एकदा जाणकाराकडून शिकून घ्यावा. पुण्या-मुंबईत असे फिजिओथेरपिस्ट आता मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणी बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी काम करतात आणि पुरुष पेशंट विचारायलाच येत नाहीत.

घरच्या घरी करण्यासारखं थोडं आहे, आणि ते साधं आहे. टबात कोमट पाणी घेऊन रोज पंधरा मिनिटं बसणं. दर पाऊण तासाने खुर्चीतून उठणं. मोटारसायकलवरचे लांबचे पल्ले काही काळ टाळणं. तिखट, दारू, कॉफी यांतलं ज्याने वाढतं ते सोडणं, सगळंच सोडायची गरज नाही. मलावरोध होऊ न देणं. डॉक्टर कधी अॅमिट्रिप्टिलिनसारखं औषध अगदी कमी मात्रेत देतात. ते नैराश्याचं आहे असं पाकिटावर वाचून लोक दचकतात. इथे ते मज्जातंतूंची वेदना शमवायला दिलेलं असतं.

आता लाजेविषयी, कारण दुखणं लांबण्यात तिचा वाटा जंतूहून कमी नाही. शौचाला जोर केला की कधी कधी मूत्रमार्गातून पांढुरका थेंब येतो. तो प्रोस्टेटचा द्रव असतो, मागून दाब पडला म्हणून बाहेर आलेला. आपल्याकडे त्याला धातू जाणं म्हणतात आणि माणूस आपली ताकद गळून चालली असं समजून खंगतो. मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या भयाची वैद्यकीय साहित्यात नोंद केली. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवरच्या जाहिराती याच भयावर पोट भरतात. १९५४ च्या जादूटोणावजा औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या यादीत प्रोस्टेटच्या विकारांचा स्पष्ट उल्लेख आहे, तरी भिंती रंगतच आहेत. महाराष्ट्रात हा विषय उघडपणे बोलणारा माणूस फार आधी होऊन गेला. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली. त्या उत्तरांवरच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला उभा राहिला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, चालूच राहिलं. प्रश्न विचारणारे तेव्हाही होते. आज ते रात्री एकला फोनच्या पडद्यावर शोधतात आणि त्यांना उत्तर देतो तो पुन्हा कुणीतरी चूर्ण विकणाराच.

बायकोला सांगायचं का? सांगावं, आणि लवकर. ती नेमकं काय विचारणार आहे हे आधी माहीत असलेलं बरं. ई. कोलायसारख्या जंतूंमुळे झालेला प्रोस्टेटचा संसर्ग हा गुप्तरोग नाही. तो परस्त्रीकडे गेल्याचा पुरावा नाही. क्लॅमिडिया किंवा परमा निघाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यायचं आणि ते संपेपर्यंत संबंध टाळायचा. जंतू नसलेल्या गटात संबंधावर बंदी नसते. स्खलनानंतर दुखत असेल तर तसं मोकळेपणाने सांगणं हे गप्प राहून टाळण्यापेक्षा संसाराला कमी महाग पडतं. मूल होण्याचा प्रश्न असेल तर वीर्यतपासणी करावी. बहुतेकांचा निकाल चिंता करण्यासारखा नसतो.

थांबू नये अशा वेळाही आहेत. थंडी वाजून ताप, लघवी तुंबणं, तळाशी असह्य वेदना, हे एकत्र आलं तर तो तीव्र संसर्ग आहे आणि जागा रुग्णालयाची आहे, त्याच रात्री. अशा वेळी प्रोस्टेट दाबून नमुना घेत नाहीत, जंतू रक्तात जाऊ शकतात. लघवीत रक्त दिसलं तर वय काहीही असो, पूर्ण तपास व्हायला हवा. दुसऱ्या बाजूने, सूज असताना केलेली पीएसए ही रक्ततपासणी पुष्कळदा वाढलेली येते. चाळिशीतला माणूस पॅकेजमध्ये ती करून घेतो आणि कॅन्सरच्या भीतीने झोप घालवून बसतो. संसर्ग ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी ती पुन्हा करतात, आणि तेव्हाचा आकडा पाहून पुढचं ठरतं.

सुधारणा मोजायची कशी, यासाठी १९९९ साली तेरा प्रश्नांची एक गुणपत्रिका तयार झाली. शून्य ते ४३ गुण, वेदनेचे वेगळे, लघवीचे वेगळे, जगण्यावरच्या परिणामाचे वेगळे. अमेरिकेचे डॅनियल शोस्क्स आणि निकेल यांनी रुग्णाचा त्रास सहा खात्यांत वाटून प्रत्येक खात्याला वेगळा उपचार देण्याची रीत मांडली. लघवी, मन, ग्रंथी, जंतू, मज्जासंस्था आणि स्नायू ही ती खाती. २०१० मध्ये त्यांनी अशा शंभर रुग्णांचा निकाल दिला. चौऱ्याऐंशी जणांचे गुण निदान सहाने उतरले. तुलनेला दुसरा गट नव्हता, हे त्यातलं उणं. पण त्या निकालातला ‘सहा’ हा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या दुखण्यावरच्या अभ्यासांत सुधारणा मानली जाते ती सहा गुणांच्या उताराला, शून्य गाठण्याला नव्हे. सव्वीसवरून अठरावर आलेला माणूस पुन्हा सिनेमाला पूर्ण तीन तास बसू शकतो. ही पत्रिका महिन्यातून एकदा भरावी आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांपुढे ठेवावी. रोज भरू नये, रोज भरली की माणूस दिवसभर स्वतःच्या तळाशी कान लावून बसतो, आणि तेवढ्यानेही गुण चढतात.